फिल्म रेंजफाइंडर घेताय? कॅमेरा आणि लेन्स निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोलवर फोटो काढायला नव्याने लागलेली मंडळी वर्षभर एसएलआर वापरतात आणि मग कधीतरी रेंजफाइंडरपाशी येऊन थांबतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कुठली बॉडी घेऊ?’ माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी फोकल लेंथ (लेन्स किती रुंद दृश्य घेते ते सांगणारा मिमीतला आकडा) ठरवा, मग त्या फोकल लेंथला साजेसा व्ह्यूफाइंडर (बघायची खिडकी) कोणत्या कॅमेऱ्यात आहे ते बघा. इतकं झालं की निवडायला दोन-तीनच बॉड्या उरतात. खालची उत्तरं त्याच क्रमाने दिली आहेत.

रेंजफाइंडर म्हणजे नेमकं काय?

एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो. आत आरसा असतो, वर प्रिझम असतं. रेंजफाइंडरमध्ये लेन्समागे आरसा नाही. बघायची खिडकी वेगळी, फोटो काढणारी लेन्स वेगळी.

कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला एकमेकींपासून काही अंतरावर दोन खिडक्या असतात. मोठीतून दृश्य दिसतं. लहान खिडकीतून आलेली प्रतिमा आतल्या आरशावरून वळून दृश्याच्या मधोमध एका लहान उजळ चौकोनात पडते. समोरच्या दुकानाच्या पाटीवर हा चौकोन ठेवलात, तर पाटीवरचं अक्षर दोनदा दिसेल: एक ठळक, एक फिकट आणि थोडं बाजूला सरकलेलं. लेन्सची रिंग फिरवली की फिकट अक्षर आडवं सरकायला लागतं. दोन्ही बरोबर एकमेकांवर बसली की फोकस झाला. आत घडतं ते इतकंच, की लेन्सच्या मागच्या धातूच्या कडेवर बॉडीतली एक बारीक चकती टेकलेली असते. रिंग फिरेल तशी ती कड पुढेमागे होते, चकती ढकलली जाते आणि आरसा किंचित कलतो. लेन्सशी जोडलेला असा रेंजफाइंडर १९३२ साली लायका २ आणि कॉन्टॅक्स या दोन्ही कॅमेऱ्यांत आला. मूळ कल्पना आजही तीच आहे.

एसएलआर असताना हा कशासाठी घ्यायचा?

चौकटीबाहेरचंही दिसतं म्हणून. फ्रेमच्या उजळ रेषांच्या पलीकडे काय चाललंय, कोण चौकटीत शिरायच्या बेतात आहे, हे आधीच कळतं. रस्त्यावर, लग्नघरात, देवळाच्या आवारात फोटो काढणाऱ्याला याहून मोठा फायदा नाही. शटर दाबताना आरसा वर जात नाही, त्यामुळे नजरेसमोर क्षणभरही अंधार होत नाही. आवाज कमी आणि धक्काही कमी, म्हणून १/१५ सेकंदालाही हात स्थिर ठेवता येतो. आरशासाठी जागा सोडावी लागत नसल्याने लेन्सही लहान बनवता येतात, विशेषतः ३५ मिमी आणि त्याहून वाइड.

कोणी घेऊ नये?

पक्षी, फुलं, किडे, मैदानावरचे खेळ हे ज्यांचे विषय आहेत त्यांनी. बहुतेक जुन्या लेन्स १ मीटरपर्यंत आणि नंतरच्या ०.७ मीटरपर्यंतच जवळ येतात. लांब लेन्सची व्यवहारातली मर्यादा १३५ मिमी आणि तीही कष्टाने वापरायची. पार्श्वभूमी किती धूसर होईल हे व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत नाही, तिथे सगळंच स्पष्ट असतं. मोठ्या लेन्सचं नळकांडं चौकटीचा खालचा उजवा कोपरा झाकतं. लेन्सवर झाकण राहिलं तरी समोर दृश्य दिसतच राहतं, म्हणून झाकण काढायची सवय हाताला लागावी लागते.

पहिली लेन्स कुठली, ३५ की ५०?

तुमच्याकडचे जुने फोटो काढून बसा. फोनवरचे चालतील, एसएलआरवरचे असतील तर उत्तम. आवडलेल्या फोटोंत एक माणूस आणि त्याचा चेहरा आहे की माणूस आणि त्याची जागा आहे? चेहरा, हात, दारात उभी असलेली एकच व्यक्ती असं दिसत असेल तर ५० घ्या. स्वयंपाकघरात काम करणारी आजी आणि तिच्यामागची फळी, भांडी, खिडकी हे सगळं एकत्र हवं असेल तर ३५.

आपल्याकडच्या गल्ल्या, चाळींचे जिने, लहान खोल्या बघता मी पहिली लेन्स म्हणून ३५ सुचवतो. मागे सरकायला जागाच नसते, तिथे ५० अडचणीची ठरते. पण ज्याची नजर ५० ची आहे त्याने कोणाच्या सांगण्यावरून ३५ घेऊ नये. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांनी आयुष्यभराचं बहुतेक काम ५० मिमीवरच केलं.

२८ आणि ९० नंतर बघा. पहिलं वर्ष एकच लेन्स वापरा, म्हणजे कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच चौकट दिसायला लागते.

०.७२, ०.९१, ०.६ हे आकडे काय सांगतात?

निवड खरी इथे ठरते आणि विकणारा नेमकं हेच सांगत नाही.

हा आकडा म्हणजे व्ह्यूफाइंडरचं वर्धन. १.० असेल तर डोळ्याला दिसतं तेवढंच मोठं दृश्य दिसतं आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून बघता येतं. आकडा कमी, तर दृश्य लहान पण विस्तार जास्त. म्हणून जास्त वर्धन ५० आणि ९० ला सोयीचं, कमी वर्धन २८ आणि ३५ ला.

दुसरा आकडा दोन खिडक्यांमधल्या अंतराचा. हे अंतर गुणिले वर्धन केलं की रेंजफाइंडरची प्रत्यक्ष अचूकता कळते. १९५४ च्या लायका एम३ मध्ये हा गुणाकार सुमारे ६२ मिमी येतो. एम६ च्या नेहमीच्या ०.७२ मॉडेलमध्ये सुमारे ५०, कोसिनाने बनवलेल्या झाइस आयकॉनमध्ये सुमारे ५५, फोक्टलेंडर बेसा आर३ए मध्ये ३७, आर२ए मध्ये सुमारे २६ आणि इवल्याशा लायका सीएलमध्ये जेमतेम १९.

याचा व्यवहारातला अर्थ बघा. ५० मिमी एफ/१.४ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते आणि प्रकाश जास्त घेते) पूर्ण उघडी ठेवून १ मीटरवरच्या चेहऱ्याचा फोटो काढायचा, तर स्पष्ट भाग जेमतेम ३ सेंटिमीटरचा असतो. एका डोळ्यावर फोकस केला तर कान सुटतो. इथे एम३ खात्रीने साथ देतो, सीएल देत नाही. तेच ३५ मिमी एफ/२.८ लावून रस्त्यावर फिरायचं असेल, तर बेसा आर२ए पुरून उरतो आणि एम३ उलट गैरसोयीचा, कारण त्यात ३५ ची चौकटच नाही. त्यात ५०, ९० आणि १३५ आहेत. एम३ वर ३५ वापरायची तर बाहेरून वेगळा व्ह्यूफाइंडर तरी लावा, नाहीतर पुढे भिंगांची जोडी बसवलेली खास लेन्स तरी शोधा.

मला चष्मा आहे. जमेल का?

जमेल, पण प्रत्यक्ष डोळ्याला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. चष्म्यामुळे डोळा खिडकीपासून लांब राहतो आणि चौकटीच्या कडा दिसेनाशा होतात. ०.७२ वर ३५ ची चौकट बहुतेकांना दिसते, २८ ची दिसत नाही. जुन्या कॅमेऱ्यांत खिडकीभोवती उघडी धातूची कडी असते, ती काचेवर ओरखडे काढते. तिच्यावर रबराची बारीक रिंग बसवून घ्या.

आता सांगा, बॉडी कुठली?

५० वर जीव असेल तर लायका एम३. याहून चांगला व्ह्यूफाइंडर मी बघितलेला नाही. ३५ आणि ५० दोन्ही हवे असतील आणि मीटर (प्रकाश मोजणारं यंत्र) नको असेल तर एम२. त्यात ३५, ५०, ९० या चौकटी एका वेळी एकच दिसतात, गर्दी नसते. १९६७ च्या एम४ मध्ये रोल भरणं आणि गुंडाळणं दोन्ही सोपं झालं. १९८४ चा एम६ म्हणजे तोच यांत्रिक कॅमेरा, आत मीटर घातलेला. बॅटरी संपली तर फक्त मीटर बंद पडतो, शटर चालूच राहतं. २०२२ मध्ये लायकाने एम६ पुन्हा काढला. जुन्या एम६ च्या किमती मात्र इतक्या चढल्या आहेत, की मीटरची निकड नसेल तर एम२ किंवा एम४-पी घेऊन उरलेले पैसे लेन्सला आणि सर्व्हिसिंगला ठेवावेत, असंच मी सांगेन.

लायका परवडत नसेल तर वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. निगेटिव्हवर बॉडीचं नाव उमटत नाही. फोक्टलेंडर बेसाची मालिका आता बनत नाही, पण सेकंडहँड मिळते. मागचं दार उघडून साध्या एसएलआरसारखा रोल भरता येतो, मीटर आधुनिक आहे. आर२एम आणि आर३एम शटरसाठी बॅटरीवर अवलंबून नाहीत. आर२ए आणि आर३ए ला बॅटरी लागतेच, त्या बदल्यात अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मिळते, म्हणजे लेन्स किती उघडायची (अ‍ॅपर्चर) ते तुम्ही ठरवता, शटरचा वेग कॅमेरा निवडतो. झाइस आयकॉनचा व्ह्यूफाइंडर मोठा आणि लख्ख आहे, शटर इलेक्ट्रॉनिक. कोनिका हेक्सार आरएफमध्ये मोटर आहे, १/४००० चा वेग आहे. पण त्याच्यातलं इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस शोधताना नाकी नऊ येतात, म्हणून पहिला कॅमेरा म्हणून मी तो सुचवत नाही.

कॅनन पी हा माझा लाडका पर्याय. वर्धन १.०, पूर्ण यांत्रिक, धातूचे शटर पडदे. पडद्यांवर सुरकुत्या असतात, त्याने बहुधा काही बिघडत नाही. ३५ ची चौकट अगदी कडेला जाते. ५० साठी घ्या.

बजेट अगदी कमी आहे. काही मिळेल का?

लेन्स न बदलणारे रेंजफाइंडर बघा. यात दोन नावं वारंवार समोर येतील.

कॅनन कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री, १९७२ चा. ४० मिमी एफ/१.७ लेन्स, लहान आणि वजनाला सुटसुटीत. ऑटोवर तुम्ही शटर वेग निवडता, अ‍ॅपर्चर कॅमेरा ठरवतो. बॅटरी नसली तरी मॅन्युअलवर चालतो, तेव्हा मीटर मिळत नाही. दाराच्या खाचेतला फोम कुजून चिकट झालेला असतो, तो बदलल्याशिवाय रोल घालू नका.

यशिका इलेक्ट्रो ३५, मूळ १९६६ चा. ४५ मिमी एफ/१.७ लेन्स सुरेख आहे. हा पूर्णपणे अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी आहे. बॅटरी नसेल तर एकाच वेगावर शटर उडतं. घेताना लिव्हर ओढा आणि कान द्या. आतून ‘टक्क’ असा आवाज यायला हवा. तो येत नसेल तर आतला रबराचा ठोकळा झिजून गेला आहे, एक्स्पोजर (फिल्मवर पडणारा प्रकाश) भरवशाचं राहत नाही आणि दुरुस्तीसाठी कॅमेरा बराच उघडावा लागतो.

दोन्ही कॅमेरे पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनले होते, त्या आता मिळत नाहीत. कॅनोनेटसाठी कानाच्या मशीनची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी बारीक रिंग लावून बसवता येते. तिचं व्होल्टेज जुन्या १.३५ च्या जवळ जातं. साधी १.५ व्होल्टची घातली तर मीटर चुकीचं दाखवतो. यशिकाला अ‍ॅडॉप्टर लावून ६ व्होल्टची बॅटरी चालते.

रशियन झोर्की, फेड कसे?

स्वस्त आणि दणकट, पण नशिबाचा खेळ. एक नग वर्षानुवर्षं चालतो, दुसरा पहिल्याच रोलला रुसतो. झोर्की-४ वर एक नियम मोडू नका: आधी लिव्हर किंवा नॉब पूर्ण फिरवून शटर चढवायचं, मगच वेग बदलायचा. उलट केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते.

सोव्हिएत लेन्सपैकी ज्युपिटर-८, ५० मिमी एफ/२, ही झाइसच्या ‘सोनार’ नावाच्या जुन्या लेन्सच्या रचनेवरून आली आहे आणि चेहऱ्यांसाठी फार गोड आहे. मात्र लायकावर लावली तर जवळच्या अंतरावर पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला फोकस किंचित सरकलेला मिळू शकतो. एफ/४ च्या पुढे ते जाणवत नाही.

कुठली लेन्स कुठल्या बॉडीवर बसते?

जुनी ३९ मिमी आट्यांची लेन्स बारीक अ‍ॅडॉप्टर रिंग लावून एम माउंटवर (लायका एम मालिकेच्या जोडणीवर) बसते आणि फोकसही नीट जुळतो. उलट दिशेने, म्हणजे एम लेन्स आट्यांच्या बॉडीवर, बसत नाही. रिंग घेताना ती कुठल्या फोकल लेंथची चौकट उघडते ते विचारा, नाहीतर ३५ लावून ५० ची चौकट दिसत राहील. जुना कॉन्टॅक्स, किएव्ह आणि निकॉनचा एस माउंट हा वेगळा संसार आहे. पहिल्या खरेदीत त्यात शिरू नका.

नावानिशी लेन्स सांगाल का?

३५ मध्ये फोक्टलेंडर कलर-स्कोपार एफ/२.५. इतकी लहान की कॅमेरा जाकिटाच्या खिशात मावतो. झाइस सी बायोगॉन एफ/२.८ ची सरळ रेषा सरळच राहते, इमारती काढणाऱ्यांनी हीच घ्यावी. ५० मध्ये झाइस प्लॅनार एफ/२ किंवा लायकाची समिक्रॉन एफ/२, जी १९५३ पासून वेगवेगळ्या रूपांत मिळते. कमी पैशांत कॅननची आट्यांची ५० मिमी एफ/१.८. फक्त तिच्या आतल्या काचेवर धुकं धरतं, तेवढं तपासून घ्या.

एफ/१.४ हवीच ना?

नको. मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात ४०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता) रोल घातला, तर एफ/१६ ला १/५०० हे एक्स्पोजर. बहुतेक जुन्या यांत्रिक बॉड्यांचा कमाल वेग १/१०००, म्हणजे एफ/११ पर्यंतच उघडता येईल. त्या उन्हात एफ/१.४ साठी मोजलेले पैसे बॅगेतच राहतात. रात्रीचे गणपती, नाटकाचा रंगमंच, घरातला दिवा हे तुमचे विषय असतील तर मात्र घ्या, तिथे तो एकेक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाशाची एक पायरी) लाखमोलाचा आहे. बाकीच्यांना एफ/२ किंवा एफ/२.५ पुरते, वजन कमी आणि किंमतही कमी.

फोकस जुळवेपर्यंत माणूस निघून जातो. काय करायचं?

आधीच अंतर लावून ठेवायचं. पालखी पुण्यात येते तेव्हा आभाळ बहुधा झाकोळलेलं असतं. ४०० चा रोल, एफ/८, १/२५०. ३५ च्या लेन्सवर अंतर ३ मीटर लावा. साधारण १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. दिंडीच्या बाजूने चालताना रिंगला हात लावायची गरजच उरत नाही, फक्त चौकट बघायची आणि टाळ वर गेला की बटण दाबायचं. बऱ्याच लेन्सच्या रिंगला खाली बोट टेकवायला लहान टॅब असतो. तो कुठल्या दिशेला असला की किती अंतर, हे काही रोलनंतर बोटांना पाठ होतं.

मीटर नसलेला कॅमेरा घेऊ का?

घ्या. फोनवरचं मीटर अ‍ॅप सुरुवातीला पुरेसं आहे. निगेटिव्ह फिल्म जास्त प्रकाश सहज सोसते, कमी प्रकाश सोसत नाही. शंका आली तर एक स्टॉप जास्त द्या.

सेकंडहँड घेताना काय काय तपासायचं?

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात जा किंवा कुठल्याही गावात, टॉर्च बरोबर ठेवा आणि घाई करू नका.

आधी दूरची वस्तू. लांबच्या इमारतीवरची अँटेना किंवा दिवसा दिसणारा चंद्र बघा. लेन्स अनंतावर (सगळ्यात दूरच्या खुणेवर) टेकली की दोन्ही प्रतिमा तंतोतंत एक व्हायला हव्यात. मग बघा, एक वर आणि एक खाली अशी तर दिसत नाही ना. आडवी चूक दुरुस्त करणं सोपं, उभी थोडी किचकट, पण दोन्ही होतात. मधला चौकोन अगदी फिकट असेल किंवा दिसतच नसेल तर मात्र सोडून द्या. आतल्या प्रिझमचं काम खर्चाचं आहे.

मग शटर. १ सेकंदावर ठेवून दाबा. बारीक घरघर एकसारखी यायला हवी. मध्येच अडखळली तर आतलं वंगण सुकलं आहे. लेन्स काढा, अंधाऱ्या कोपऱ्यात पुढून टॉर्च धरा आणि मागून बघा. कापडी पडद्यावर सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर प्रत्येक निगेटिव्हवर ते उमटणार. हा दोष रेंजफाइंडरला जास्त होतो, कारण लेन्स आणि पडदा यांच्यामध्ये आरसा नसतो. कॅमेरा उन्हाकडे तोंड करून ठेवला तर सूर्याचा ठिपका थेट कापडावर पडून ते जळतं. तुमच्या स्वतःच्या कॅमेऱ्याला झाकण लावायची सवय याचसाठी ठेवा.

शेवटी लेन्स. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि मागून टॉर्च तिरका धरा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. सगळीकडे पसरलेला दुधट पडदा म्हणजे धुकं, ते बहुतेकदा साफ होतं. पुढच्या काचेवरचे एक-दोन बारीक ओरखडे सोडून द्या, फोटोत दिसत नाहीत. असंख्य बारीक रेघा मात्र उजेडासमोर कॉन्ट्रास्ट खातात.

परदेशातून मागवू का?

जपानी दुकानदार वर्णन बारकाईने लिहितात. पण कॅमेऱ्याच्या किमतीवर सीमाशुल्क, कर आणि कुरिअरचे पैसे धरूनच हिशेब मांडा. पोचल्यावर सर्व्हिसिंग लागलं तर परत पाठवणं महागात जातं.

सर्व्हिसिंग खरंच लागतं का?

पन्नास-साठ वर्षांचा कॅमेरा असेल तर हो. किमतीतच तो खर्च धरा. विकणारा ‘नुकतंच सर्व्हिसिंग झालंय’ म्हणाला तर कोणी केलं आणि पावती आहे का, हे विचारा. स्वस्त पण बिघडलेल्या एम३ पेक्षा नीट चालणारा कॅनोनेट शंभर पटींनी बरा, कारण तो तुम्ही रोज बाहेर घेऊन जाल.

पावसाळ्यात कसा सांभाळायचा?

मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर हा बुरशीचा हंगाम. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा बंद करून कपाटात ठेवणं सगळ्यात वाईट, चामडं ओलावा धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं लहान मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. सिलिका जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येतं. आणि कॅमेरा वापरत राहा. आठवड्यातून एकदा सगळ्या वेगांवर शटर उडवलं तरी आतलं वंगण मोकळं राहतं.

विमानतळावर रोलचं काय?

हाताशी ठेवलेल्या बॅगेतच रोल न्या, चेक-इनमध्ये कधीच नाही. नव्या सीटी स्कॅनरमधून गेलेला रोल खराब होऊ शकतो, मग तो कितीही आयएसओचा असो. पारदर्शक पिशवीत रोल डब्यांतून काढून ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. कॅमेऱ्यात अर्धा वापरलेला रोल असेल तर तेही सांगा, नाहीतर कॅमेरा यंत्रातून जाईल.